तयार असल्याची सही

(भिलाईतल्या, लोखंड वितळवून ओतणाऱ्या एका खाजगी कारखान्याचं ऑफिस. दुपारचे अडीच.)

दयाराम : हार-नारळ मंग द्या, मॅडम. पहिले तो कागद वापस करा.

स्नेहल : कोणता कागद, काका?

दयाराम : तेजरामचा. भट्टी चालवाले तयार आहे म्हणून मी सही केलेला.

स्नेहल : तो केव्हाच हेड ऑफिसला गेला. वर्षभरात चार वेळा तुम्ही ‘तयार’ लिहिलंत, म्हणून तर तुमच्या जागेची ऑर्डर त्याला मिळाली. आज रिटायर होताना हे काय काढलं?

दयाराम : मी खोटं लिवलं.

स्नेहल : म्हणजे?

दयाराम : शिकवलंच नाही त्याले. दोन वर्षं माह्या हाताखाली दिला तुमी. कामाची गोष्ट आली का मी त्याले स्टोअरमधी धाडो. कधी हातमोजे आण, कधी रजिस्टर आण.

स्नेहल : पण का, काका?

दयाराम : ‘तयार नाही’ लिवलं असतं तर तुमीच विचारलं असतं, दयाराम, कावून नाही शिकवलं? म्हणून ‘तयार’ लिवलं. वाटे, शेवटी साहेबाच्या ध्यानात येईन का याच्यानं नाही होत, अन् मले दोन वर्षं वाढवून देईन.

स्नेहल : मागच्या पावसाळ्यात भट्टीवरचा भैयालाल भाजला, तेव्हा तुम्ही पोरीच्या लग्नाच्या सुटीवर होतात ना?

दयाराम : हो. तेजरामच होता भट्टीवर. ओलं भंगार गेल्तं आत. पातळ लोखंडात पाणी गेलं का बाम फुटल्यावानी होते, मॅडम. भिलाई-३ वस्तीत भैयालालच्या घरी गेलो मी. एक डोळा गेला बिचाऱ्याचा. त्याच्यापाशी बसून माह्या मनात काय आलं, सांगू?

स्नेहल : काय?

दयाराम : बरंच झालं. आता मले काढत नाहीत.

स्नेहल : काका!

दयाराम : घरी बायकोले, कमलिनीलेही, नाही सांगतलं हे. एक हप्ता भट्टी बंद ठेवाले लावा. मी घरून येतो, सगळं शिकवतो त्याले.

स्नेहल : माझीही सही आहे त्या कागदावर. भट्टीच्या शेडमध्ये जाऊन त्याचं काम बघायचं होतं मी. चारही वेळा इथंच बसून शिक्का मारला.

दयाराम : मंग दोघंही जाऊ साहेबापाशी.

स्नेहल : थांबा. तेजरामच आला.

तेजराम : काका, सब लोग तुमची वाट पाहून राहिले. चला ना.

दयाराम : खरं सांग, तेजराम. तुले भट्टी येते?

तेजराम : आज कावून विचारता? ऑर्डर आहे ना माझ्या हातात.

दयाराम : येते का?

तेजराम : नाही येत. पण तुमी ‘तयार’ लिवलं, तर मी ‘नाही’ कसं बोलू? माझ्या बायकोनं, वंदनानं, मोहल्ल्यात पेढे वाटले, काका.

दयाराम : बरं. आज भट्टी लावाची नाही.

तेजराम : लागली ना, दोन वाजताच. साहेब बोले, नये आदमी के हाथ से शुरू करो.

दयाराम : अन् तू इथं उभा? तिथं कोण आहे?

तेजराम : प्रेमानंद.

स्नेहल : प्रेमानंद? तो तर सोमवारी लागला!

तेजराम : सकाळी तुमच्याच टेबलवरून फॉर्म आला, मॅडम. हाताखालचा माणूस तयार आहे का, म्हणून. मी ‘हो’ लिवलं. सब ऐसेच लिखते.

दयाराम : तेजराम, आईक. शेडच्या मागं नळ्यांचा ढीग आहे. दोन्हीकून बंद नळ्या. वरून सुक्या दिसतात, आत पाणी राहते. मी रोज भंगारातून काढून तिथं फेको. त्यातली एकही भट्टीत जाऊ देऊ नको.

तेजराम : शेडच्या मागं?

दयाराम : हो. भिंतीपाशी.

तेजराम : तिथं तर तुमच्या निरोपाच्या खुर्च्या मांडल्या, काका. नळ्या आमी सकाळीच भट्टीपाशी नेल्या.