चाळीस चंद्र

दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर खगोलशास्त्राच्या बाई आणि त्यांच्या प्रयोगशाळेचं सॉफ्टवेअर बदलून देणारा भाचा बसले होते. बाईंच्या मांडीवर मुलांच्या वह्यांचा गठ्ठा.

“गुण उद्या द्यायचेत आणि तुझ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये उत्तरांचं पानच नाही!”

“तूच काढायला लावलंस, मावशी. मुलं शोधून काढतात म्हणालीस.”

“मुलांसाठी काढ म्हटलं होतं, शहाण्या. माझ्यासाठी नाही!”

“प्रत्येकाला पडद्यावर वेगळा चंद्र दे, हेही तूच म्हणालीस. एकमेकांचं उतरवतात म्हणून.”

“मग आता चाळीस चंद्रांना एका फेरीला किती दिवस लागतात, ते मी काढत बसू?”

“पान परत घालायला चार दिवस लागतील.”

“तोवर प्राचार्य मला कच्चं खातील.”

“वह्या बघू तरी. हिचे सात दिवस. याचे सात. हाही सात. मावशी, सगळ्यांचे सातच!”

“गेल्या वर्षीच्या एकाच चंद्राचं उत्तर! मेल्यांनी जुनी वही उतरवली!”

“मग सुटलीस की. सगळ्यांना भोपळा.”

“बरं झालं बाई.”

“थांब. या एका मुलीने अकरा लिहिलेत. चार पानं नुसती खाडाखोड आहे.”

“अकरा? बरोबर आहे का?”

“मला काय विचारतेस? पान काढलंय.”

“पेन दे इकडे.”

“मावशी, डॉक्टर आत बोलावतायत.”

“पुढच्या बाकावरच्या त्या काकांना जाऊ दे. हिचा चंद्र अजून अर्ध्यावरच आहे.”