पट्टा बघ

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले मालक, शेजारी बसलेले सर्व्हिस विभागाचे साहेब, माझ्या निरोपाला पाहुण्या म्हणून आवर्जून आलेल्या छापखान्याच्या मालकीणबाई, आणि समोर बसलेल्या माझ्या फिरत्या मेकॅनिक दोस्तांनो, सर्वांना मनापासून नमस्कार.

शाळेत मी कधी भाषण केलं नाही. शाळेतच फारसा टिकलो नाही म्हणा. पण गावं भरपूर पाहिली. एका गावात तर लॉजच्या खोलीला खिडकी होती आणि खिडकीबाहेर भिंत... साहेब घड्याळ बघतायत. येतो मुद्द्यावर.

माझे बाबा याच कंपनीत छपाईची मशीन दुरुस्त करायचे, हे तुम्हाला माहीत आहे. मी कामाला लागलो तेव्हा कुठंही अडलं की फोन लावायचो आणि चालू मशीनजवळ धरायचो. बाबा घरी बसून ऐकायचे आणि सांगायचे, "बेअरिंग गेलंय. पाना खाली ठेव, आधी चहा घे."

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. दोनच शब्द उरले, तेही मशीनचेच. "पट्टा बघ." तहान लागली, पट्टा बघ. उशी टोचली, पट्टा बघ. आई म्हणायची, "घरातले सगळे पट्टे बघून झाले बाई माझे."

महिन्यातले बावीस दिवस मी बाहेर. घरी गेलो की आई पाण्याच्या आधी विचारायची, "किती दिवस आहेस?" माझा टूथब्रशसुद्धा बॅगेतून बाहेर यायचा नाही. तरी रोज चार वाजता फोन मशीनजवळ धरायचो. बाबा म्हणायचे, "पट्टा बघ." मी म्हणायचो, "हो बाबा, पट्टाच होता." काही का असेना. त्यांना बरं वाटावं, एवढंच.

मग या मालकीणबाईंच्या छापखान्यात मशीन खडखडायला लागली. पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले, पट्टा बघ. मी हसलो. तीन दिवस अख्खी मशीन खोलली, बेअरिंगं बदलली, खडखड तशीच. बाई म्हणाल्या, "मेकॅनिक आहात की पाहुणे?" तिसऱ्या दिवशी खाली वाकलो. पट्ट्याचा सांधा आतून उसवला होता.

बाबा ऐकत होते हो. दोन वर्षं रोज नीट ऐकत होते. ऐकत नव्हतो तो मीच.

फोन केला. म्हटलं, "बाबा, खरंच पट्टा होता." तिकडून आईनं फोन घेतला. मग आई म्हणाली, "अरे, हे हसतायत का रडतायत, मला कळत नाही. तू आलास की बघ." तिथंच छापखान्यातल्या टेबलावर राजीनामा लिहिला. बाईंनीच कागद दिला.

आता घराजवळच्या वर्कशॉपमध्ये बसणार आहे. पण खरं सांगू? रस्त्याची आठवण येणार. मला येईल तशी बाबांनाही येत असेल, नाही का? दोन वर्षं एका खिडकीशी बसलेत.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्यापैकी कोणीही, कुठल्याही गावात अडलात, तर चार वाजता फोन करा आणि मशीनजवळ धरा. मी तो बाबांच्या कानाला लावीन. ते काय म्हणतील, ते तुम्हाला आत्ताच माहीत आहे. तरी ऐका. आणि एकदा खाली वाकून खरंच बघा.

मालकांनी सांभाळून घेतलं, बाईंनी तीन दिवस सोसलं, तुम्ही एवढा वेळ ऐकलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही राहिलं, काही जास्त झालं, तर पोटात घाला. बसतो. चार वाजत आलेत.