बारावी पिन

नाव: केंद्राच्या गोपनीयतेमुळे वेगळ्या पाकिटात. वय ४६ वर्षे, व्यवसाय फिटर, राहणार कर्मचारी वसाहत, खोली १४.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, मला आज कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून आलो आहे.

कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या चाचणी केंद्रात मी एकोणीस वर्षे नोकरीला आहे. उड्डाणापूर्वी क्षेपणास्त्रातून लाल फितीच्या अकरा पिना काढतात. त्या असतात तोवर क्षेपणास्त्राला दिशा देणारे शेपटीचे पर हलत नाहीत. काढलेल्या पिना नियंत्रण खोलीतल्या लाकडी फळीवर एकेका खिळ्याला टांगायच्या. अकरा खिळे भरलेले दिसले की प्रमुख साहेब परवानगी देतात. यंत्रे कितीही नवी आली तरी फळी तीच आहे. पिना काढायचे काम माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचे, म्हणजे भावोजींचे. टांगायचे काम माझे.

या महिन्याच्या १४ तारखेची चाचणी आधी दोनदा पुढे ढकललेली होती. बाहेरून मोठे अधिकारी आले होते आणि प्रमुख साहेबांचा पारा चढलेला होता. सकाळी ९.४० वाजता भावोजींनी पिनांची पिशवी माझ्या हातात दिली. दहा खिळे भरले. मी पिशवी उलटी करून झटकली.  भावोजींना हळूच विचारले, तर म्हणाले, "अकरा काढल्यात रे. एखादी वाळूत पडली असेल." असे मागे एकदा झाले होते. पिन संध्याकाळी शिडीखालीच सापडली, पण भावोजींना लेखी ताकीद मिळाली. दुसरी मिळाली असती तर नोकरी गेलीच असती, आणि निवृत्तीला आठ महिने उरले होते.

माझ्या खणात एक वाकलेली जुनी पिन होती. बदली पिन मिळाली तेव्हाच ती भांडारात जमा करायची होती, पण मी कंटाळा केला होता. ती मी अकराव्या खिळ्याला टांगली. भावोजी तेव्हा पाठमोरे होते. प्रमुख साहेबांनी फळी पाहून मान डोलावली.

विसाव्या सेकंदाला क्षेपणास्त्र वळले. ते हवेतच फोडावे लागले. तुकडे पहारा चौकीपासून दोनशे पावलांवर पडले. चौकीत दोघे जण होते. ते सुखरूप आहेत.

तुकड्यांत शेपटीच्या पराला अडकलेली जळक्या फितीची पिन सापडली. फळीवर अकरा असताना ही बारावी आली कुठून, म्हणून घातपाताच्या संशयावरून १७ तारखेला भावोजींना अटक झाली. मला विचारले तेव्हा मी हात वर केले. फळीकडे माझे लक्ष नव्हते, असे सांगितले. ते खोटे होते.

काल ताई त्यांना भेटून माझ्याकडे आली. म्हणाली, "पिना मीच टांगल्या, असं लिहून दिलंय त्यांनी. तू नुसता उभा होतास म्हणे." ती समोर बसून राहिली. मी तिला जेवून जा म्हणालो. मला स्वतःची लाज वाटली.

भावोजींनी फळीला हातही लावलेला नाही. ती पिन मी टांगली.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी 'चुकून टांगली' असे लिहिले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "राहू द्या की." मी 'चुकून' हा शब्द खोडायला लावला आणि खोडल्या जागी सही केली. आता सगळे मी सांगितले तसेच आहे.