दोनशे बारा अर्ज आणि रामलिंगअप्पा

आजच्या सेवानिवृत्ती समारंभाचे अध्यक्ष आदरणीय तहसीलदार साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती रामलिंगअप्पा, त्यांच्या सौभाग्यवती उज्ज्वलाकाकू, आणि जेवणाच्या वासानं सारखं मागं वळून बघणारे माझे सहकारी बंधुभगिनींनो,

मी हसीना शेख, कनिष्ठ लिपिक. अप्पांच्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं बसले. अप्पा शिस्तीचे, अप्पा वक्तशीर, हे मघापासून सगळ्यांचं बोलून झालंय. राहिलेलं मी सांगते. अप्पा, सांगू ना? मान हलवली बरं का, तुम्ही सगळे साक्षीदार!

दाखले ऑनलाइन झाले, तेव्हा नांदेडला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. नेट बंद होतं, जेवण उत्तम होतं. परत येऊन अप्पा कामाला लागले. पडद्यावर बटणं दोन, 'फॉरवर्ड' आणि 'रिव्हर्ट'. अप्पांना वाटलं, फॉरवर्ड तर मोबाइलवर रिकामटेकडे लोक करतात. रिव्हर्टमध्ये 'वर' हाय, म्हणजे अर्ज वर साहेबांकडं जाणार! दोन महिन्यांत दोनशे बारा अर्ज त्यांनी मोठ्या निष्ठेनं 'वर' पाठवले. ते सगळे अर्जदारांकडं परत गेले.

आणि झालं काय? आपल्याकडं एकही अर्ज पडून नाही, असं दिसायला लागलं. जिल्ह्यात पहिला नंबर! ढाल जाहीर झाली. मी नवी साडीसुद्धा घेतली.

ढाल मिळायच्या आदल्या दिवशी महामाया नावाची मुलगी आली. लातूरला नर्सिंगला नंबर लागलेला, उत्पन्नाच्या दाखल्यावाचून प्रवेश अडलेला.

"काका, तीनदा अर्ज केला, तीनदा वापस आला. माझं काय चुकून राहिलंय?"

अप्पांनी मला बोलावलं. मी पडदा बघितला आणि फिस्सकन हसले. अप्पा हसले नाहीत. त्यांनी तिच्यासमोरच कॉलेजला फोन लावला. "पोरीचं काई चुकलं न्हाई. मी चुकलो. दोन दिवस द्या." कॉलेजनं दिले. तिला दाखला मिळाला.

दुसऱ्या दिवशी नांदेडला ढाल हातात घेऊन अप्पा माईकवर म्हणाले, "साहेब, आमच्याकडं काम पडून न्हाई, कारण मी ते लोकांच्या अंगावर परत फेकलंय." ढाल तिथंच टेबलावर ठेवली आणि एसटीनं निघून आले. पाठोपाठ नोटीस आली.

मग तीन आठवडे अप्पा गावोगाव फिरले. सगळे अर्ज मार्गी लावले. पण एकोणीस जणांची मुदत टळून गेली होती. त्यांच्या घरी ते माफी मागायला गेले. देगलूरकडच्या पार्वतम्मा म्हणाल्या, "नातीचं वरीस गेलं. तुमच्या माफीनं ते येतंय का?"

अप्पा म्हणाले, "न्हाई."

पुढच्या जूनमध्ये ते त्याच दारात प्रवेशाचा फॉर्म घेऊन उभे होते. पार्वतम्मांनी आधी नातीला हाक मारली, मग अप्पांना चहा विचारला.

ऑनलाइन सेवा यशस्वी कशानं होते, यावर अहवाल निघतात. सर्व्हर लागतो, वीज लागते, कबूल. पण "मला हे कळलं न्हाई" असं मोठ्यानं म्हणणारा एक माणूस कचेरीत नको का?

अप्पा, तुमचे आभार. काकू, आता हा माणूस दिवसभर घरी, तुम्हाला शुभेच्छा. बोलण्याच्या ओघात कुणाला काही लागलं असेल तर पोटात घाला. आणि साहेब, या भाषणापायी माझी बदलीच करायची झाली तर माहूरला करा, हवा चांगली हाय.