कात्रणांची मागची बाजू

हॅलो? … हो काकी, चारूच बोलतेय, साताऱ्यातून. … आधी रडू नका. काकांनी काय बंद केलं? … इन्सुलिन? कधीपासून? … चार दिवस! आणि मला आज सांगताय?

… हो, हो… अहो, ऐका ना. डॉक्टरांनी सांगितलं का बंद करायला? … मग कुणी? … आमच्या अण्णांनी? काकी, अण्णांना जाऊन सव्वा महिना झाला.

… फाइल? … हो, तेराव्याला मीच दिली. आमच्या पुष्करने वडिलांचं घड्याळ नेलं, काकांनी विज्ञानाच्या कात्रणांची फाइल मागितली. मला वाटलं, भावाची आठवण म्हणून कपाटात ठेवतील. वाचतील असं वाटलं नव्हतं.

… काय वाचलं? … नव्या पेशी बसवल्या की शरीर आपलं आपण इन्सुलिन करतं. बरं. मग काकांना बसवल्या का? … अजून बसवायच्यात. … छान.

… विहिरीवरचं सोलरही परत पाठवलं? का? … याहून पातळ, याहून जास्त वीज देणारं येणार आहे म्हणून. … आणि स्लॅब? … गवंडी दारात उभे, आणि हे म्हणाले, तडा गेला तर आपला आपण बुजवणारं सिमेंट निघालंय, थांबा. … लय थांबलात हो तुम्ही सगळे. द्या त्यांना फोन. … शेतात कुठले? मागे खोकतायत, ऐकू येतंय मला.

काका, नमस्कार. … जेवले. साखर किती आली सकाळी? … तीनशे ऐंशी! आणि सांगताय कसं, ऊस कारखान्यावर घातल्यासारखं!

… नाही, बातमी खरीच आहे. अण्णा खोटं कशाला जपून ठेवतील? … अहो पण… ऐका तरी. कात्रण हातात आहे ना? उलटं करा. … जाहिरात आहे, हो. तिच्यावर तांबड्या पेन्सिलीने काही लिहिलंय? … अण्णा पुढच्या बाजूला कधी लिहायचे नाहीत. प्रयोग कुणावर झाला, किती वर्षं लागतील, सगळं मागे. … चष्मा लावा. काकींचा नको, तुमचा.

… "बारा माणसं." … हो, सगळी मिळून बारा. त्यात आमचे लालासाहेब काका कुठे आहेत? … पुढे वाचा. … "दहा वर्षं तरी." … अजून आहे? … काय? परत वाचा.

… "लालासाहेबला दाखवू नये. इंजेक्शन सोडेल."

… नाही काका, हसत नाहीये. … बरं, हसतेय. … तुम्ही कशाला रडताय आता? … ठाऊक होतं ना त्यांना. धाकट्या भावाला ओळखत नव्हते का ते?

… आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. तुमच्या शिवतेजला गाडी काढायला सांगा. डॉक्टर सांगतील तेवढं इंजेक्शन घ्यायचं, गुपचूप. … शब्द? … शाबास.

… काका, शिवतेज गाडी काढेपर्यंत… ते सिमेंटचं कात्रण आहे का तिथे? … नाही, काही काम नाही. मागे काय लिहिलंय?

… "माझ्या हयातीत नाही. चारूच्या घराला बघू."

… आहे ना, आहे मी. ऐकू आलं. … गवंड्यांना उद्या बोलवा. … छे, फाइल परत नको, तुमच्याकडेच राहू दे. फक्त रोज एक कात्रण उलटायचं आणि मला फोनवर वाचून दाखवायचं. … दोन नाही, एकच. पुरवायचंय मला.

… हो, पण आधी इंजेक्शन. मग अण्णा. … हॉर्न वाजतोय बघा. निघा. ठेवते.