त्रेसष्ट डबे, चौसष्ट नावं

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या नळाच्या कारखान्याचे मालक शिह चिंग-युआन शेठ. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले आजचे सत्कारमूर्ती, आपल्याला सोडून शिनचूच्या मोठ्या कंपनीत निघालेले व्यवस्थापक कू त्सुंग-हान साहेब. त्यांच्या शेजारचे, ऑनलाइन पगार सेवेचे प्रतिनिधी ल्याओ साहेब. ओतकाम, पॉलिश, तपासणी आणि पॅकिंगमधले माझे सगळे भाऊबहीण. आणि नऊ नंबरच्या टेबलावर आईच्या मांडीत बसून चॉपस्टिकनं वाटी बडवणारी चिमुकली शिन-शिन. सर्वांना या मेई-चू मावशीचा आदरपूर्वक नमस्कार.

कू साहेबांनी मला स्वतः सांगितलं, "मावशी, दोन मिनिटं बोला, चांगलं बोला." दोन्ही गोष्टी एकदम कशा जमायच्या? तरी प्रयत्न करते.

तीन वर्षांपूर्वी साहेब तैपेईहून आले. मी तेव्हा या कारखान्याचा पगार अठ्ठावीस वर्षं करत होते. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "पगारपत्रक ही काय माणसानं करायची गोष्ट आहे?" मला वाटलं, खरंच, माणसाचा पगार माणसानं करावा हा केवढा अडाणीपणा! मग त्यांनी ही ऑनलाइन सेवा आणली. नाव मी घेणार नाही, नाव घेतल्याचीही फी लागत असेल. हसू नका ल्याओ साहेब, तुमचं बिल मी वाचते.

जाहिरातीत मोठ्या अक्षरात होतं : माणशी महिना साठ तैवानी डॉलर. आता साठ डॉलरला आपल्या चौकात वाटीभर शेवयासुद्धा मिळत नाहीत. साहेब खूश! पहिलं बिल आलं. त्यात माणशी साठ होतेच. शिवाय महिन्याची मूळ फी वेगळी. पगार बँकेत पाठवण्याच्या दर फेऱ्याची फी वेगळी. नववर्षाचा बोनस दिला, तर तो म्हणे जादा फेरा. कुणाच्या रात्रपाळीचा आकडा चुकला, तर दुरुस्तीची फी. आणि ही फी का लागली हे विचारायला फोन केला, तर त्या सल्ल्याचीही फी! सात मिनिटं मी फोनवर त्यांची बासरी ऐकली होती. बिलात सातही मिनिटं धरली होती. इतकी महाग बासरी शेठनी आपल्या मुलीच्या लग्नातसुद्धा वाजवली नव्हती.

मी बिल घेऊन साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, एकेक ओळ बघू या का?"

साहेब म्हणाले, "मावशी, बिल ओळीओळीनं वाचायचं नसतं. तळाचा आकडा बघायचा आणि सही करायची."

वा! दोन पदव्यांचं शिक्षण म्हणतात ते हेच. अडीच वर्षं तळाचे आकडे बघून सह्या झाल्या. गेल्या उन्हाळ्यात मात्र तळाचा आकडा शेठच्या नजरेला टोचला आणि साहेबांना पहिल्यांदा वरच्या ओळी वाचाव्या लागल्या. त्यात त्यांना एक ओळ कळली. फार नाही, एकच. लिहिलं होतं : नावं चौसष्ट.

साहेबांनी काय केलं असेल? हजेरीपट पाहिला? मला विचारलं? छे! ते जेवणघरात गेले आणि दुपारचे डबे मोजले. स्वतःचा धरून डबे भरले त्रेसष्ट. नावं चौसष्ट, डबे त्रेसष्ट. झालं! चोर सापडला!

मला बोलावून विचारतात, "ही ल्यांग पै-लान कोण? डबा खात नाही, पगार घेत नाही, आणि दरमहा आपले साठ डॉलर खाते."

मी म्हटलं, "साहेब, ती तपासणीच्या बाकावरची. अकरा वर्षं प्रत्येक नळ पाण्यात बुडवून बुडबुडा येतो का बघायची. मुलगी लहान आहे, म्हणून दोन वर्षांच्या बिनपगारी रजेवर आहे. कायद्याची रजा आहे, शेठची सही आहे. त्या नावाला हात लावू नका."

"बरं, बरं," साहेब म्हणाले.

आता 'बरं, बरं' याचा अर्थ तुम्हाआम्हाला एक लागतो, साहेबांना दुसरा. त्याच संध्याकाळी घरी बसून त्यांनी फोनवरून ते नाव काढून टाकलं. यंत्रानं कारण विचारलं, खाली चार पर्याय दिले. साहेबांनी पहिल्यावर बोट ठेवलं. पहिला पर्याय होता, 'स्वखुशीने राजीनामा'. बाकीचे तीन वाचायला वेळ कुणाला होता? आणि ल्याओ साहेब, तुमची सेवा पैसे घेते, पण काम चोख करते हो! लगेच विमा कार्यालयाला कळवून मोकळी : ल्यांग पै-लान यांनी नोकरी सोडली.

चार महिने बिलं साहेबांच्याच टेबलावर, आम्हाला कुणालाच पत्ता नाही. मग या शिन-शिनला ताप चढला. पै-लान तिला उचलून दवाखान्यात धावली. तिथल्या काउंटरवरची बाई म्हणाली, "तुमचा विमा तर कारखान्यानं कधीच बंद केलाय. मुलीचाही गेला." पै-लाननं तिथूनच मला फोन केला. भांडली नाही, ओरडली नाही. एवढंच विचारलं, "मावशी, मला काढलंत? माझं काय चुकलं?"

काय सांगू मी तिला? की बाई, तू डबा खाल्ला नाहीस? एकतीस वर्षांच्या नोकरीत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. अजून वाटते आहे.

चार महिन्यांत साहेबांनी वाचवले दोनशे चाळीस डॉलर. नाव परत चढवायची फी पंधराशे. चार महिन्यांची दुरुस्ती, प्रत्येकी आठशे. एकूण चार हजार सातशे! घ्या, आता बघा तळाचा आकडा. पण पैसे गेले चुलीत. विमा कार्यालयाला कारखान्याचा शिक्का मारलेला एक कागद हवा आहे. त्यावर दोनच वाक्यं आहेत : 'पै-लान यांनी नोकरी सोडलेली नव्हती. चूक आमची आहे.' तो गेला की विमाही जोडला जाईल आणि रजा संपली की ती आपल्या बाकावर बसेल. रजा संपते आहे परवा, रविवारी.

कू साहेब म्हणाले, "चूक आमची, असं कसं लिहायचं? नव्या नोकरीच्या तोंडावर माझं नाव खराब होईल. आणि तिनं राजीनामा दिलाय, स्क्रीनवर तसं दिसतंय." स्वतःच्या बोटानं दिलेला राजीनामा स्वतःच वाचून दाखवणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. पै-लानच्या बाकावर त्यांनी खोकी रचून ठेवली आहेत, तीही मी पाहिली. आणि शेठ, तुम्ही काय म्हणालात? "बघू." तीन आठवडे झाले, तुम्ही बघताय. पै-लानला मी म्हटलं, तक्रार कर, कायदा तुझ्या बाजूनं आहे. तर म्हणते कशी, "शेठ माझ्या लग्नाला आले होते मावशी, त्यांच्यावर तक्रार कशी करू?"

ऐकलंत ना शेठ?

तुमच्या सुपाच्या वाटीखाली एक कागद आहे. रुमाल नव्हे तो, तोंड पुसू नका. शिक्का तुमच्या कमरेच्या पिशवीत असतो, एकतीस वर्षं बघते आहे. अजून मासा यायचाय, तेवढा वेळ पुरे. माझ्याकडे काय बघता, नऊ नंबरच्या टेबलाकडे बघा. शाई? ही घ्या, माझ्या पर्समध्ये लाल शाई कायम असते. ल्याओ साहेब, एवढी डबी पुढे द्या हो. याची फी नाही ना?

जोरात दाबा. अजून. हं.

लागला! सगळ्यांनी पाहिलं ना? पै-लान, रडू नकोस गं, पोरीच्या वाटीत पडतंय.

आता राहिले आभार. शेठनी उशिरा का होईना शिक्का मारला, त्यांचे आभार. आचाऱ्याचे आभार, त्याचा मासा मी थांबवून धरला. कू साहेबांचेही आभार, त्यांच्यामुळे या कारखान्यातला हरएक माणूस आता बिलाची ओळन् ओळ वाचतो. साहेब, तुमचं नाव यादीतून काढायची फी तीनशे डॉलर आहे. कारखान्यावर भार नको, म्हणून ते मी माझ्या पर्समधून भरले. कारणाचे चारही पर्याय नीट वाचले आणि खरं तेच निवडलं. फार समाधान वाटलं.

बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. मी साधी कारकून बाई, भाषणाची सवय नाही.

आणि हो, सकाळीच डबेवाल्याला सांगून ठेवलंय, सोमवारीही डबे त्रेसष्टच आण. कू साहेबांचा डबा पै-लानच्या बाकावर ठेव. नाव बदलायचे किती घेशील, असंही विचारलं. तो हसायला लागला. म्हणाला, "मावशी, त्याचे कसले पैसे?"