कारण : खर्रा

(कारखान्यानं गावच्या शाळेत भरवलेलं दातांचं शिबिर. खुर्चीत आशाबाई; मागं उभे तिचे यजमान गुणवंतराव. समोर तरुण दंतवैद्य दिव्यानी.)

आशाबाई : ते खोड. आधी खोड, मंग बाकीचं बोल.

दिव्यानी : काय खोडू, बाई?

आशाबाई : कार्डावर ‘कारण : खर्रा’ लिवलं तू. मले वाचता येते. खर्रा मी जिंदगीत तोंडात नाई घातला.

गुणवंतराव : खरं होय, मॅडम. खाल्ला म्या. वीस वर्सं गालात तंबाखू-सुपारी. हिनंच सोडवला. गावातल्या चार टपऱ्या बंद पाडल्या, त्यातली एक माह्या सख्ख्या भावाची. नथ्थू अजून आमच्या घरचं पाणी पीत नाई.

दिव्यानी : बरं, मग विडी? दातांना तंबाखूचा गुडाखू?

आशाबाई : हो, अन् मोहाची दारू. सारंच लिव.

दिव्यानी : चिडू नका हो. हिरड्या दातांपासून सुटल्या आहेत, पू आहे, समोरचे चार दात हलतायत. साखर तपासली, तीही नाही. काहीतरी कारण असणारच ना?

आशाबाई : कारखान्याच्या भिंतीले लागून आमचं वावर, वावरातच घर. सकाळी सडा टाकाच्या आधी अंगण झाडलं तं टोपलंभर काळी भुकटी निंगते. कापूस काळा. थुंकलं तं काळं. दहा वर्सं हेच नाकातोंडात जाऊन राह्यलं. त्यानं हिरड्याले काई होत नसन?

दिव्यानी : होत असेल. हवेतल्या बारीक धुळीचा आणि हिरड्यांच्या रोगाचा संबंध असावा, असं काही अभ्यासांत दिसलंय. तंबाखूइतकं पक्कं नाही ते. आणि एका माणसाचं तोंड बघून सांगता येत नाही, की हे धुळीनंच झालं.

आशाबाई : अन् न खाल्लेल्या खर्ऱ्यानं झालं, हे सांगता येते?

दिव्यानी : कार्डावर तीनच चौकोन आहेत, बाई. खर्रा, विडी, गुडाखू. धुळीचा चौकोन त्यांनी ठेवलाच नाही.

आशाबाई : कायले ठेवन? ज्याची धूळ, त्याचंच कार्ड.

दिव्यानी : मी इथं पगारी आहे. शिबिर ‘व्यसनमुक्त गाव’ योजनेतलं. चौकोनात खूण असली तरच हिरड्यांचा पूर्ण इलाज फुकट होतो. खूण करू द्या. चारही दात वाचवते मी तुमचे.

गुणवंतराव : मंग करू दे ना! कागदच तं होये. सोनीबाईनं करू देल्ली, झिंगूच्या मायनं करू देल्ली. त्याईनं कुठी खाल्ला होता? मॅडम, भाकर दुधात कुस्करून गिळते हे. दिवसभर गाल धरून बसते. मले पाहवत नाई.

आशाबाई : किती झाल्या अशा खुणा, पोरी?

दिव्यानी : आजच्या… एकशे चार.

आशाबाई : सुक्रवारी जनसुनावणी हाय. कारखान्याले दुसरी भट्टी पाह्यजे. साहेब उठन अन् म्हणन, आमच्या धुळीनं काई होत नाई, गावच खर्रेबाज हाय. अन् सगळ्यात वर माह्यं कार्ड धरन. पाहा म्हणन, टपऱ्या उठवणारीच खाते.

गुणवंतराव : म्हणन तं म्हणू दे! तोंड तुह्यं दुखते का साहेबाचं?

दिव्यानी : नागपूरच्या सरकारी दवाखान्यात जा ना. पाच-सहा खेपा होतील, पण असली खूण कोणी मागणार नाही.

गुणवंतराव : सोयाबीन कापाले आलं, कापूस फुटला. महिनाभर थांबलं तं चालन का?

दिव्यानी : तोवर हे दात राहतील, असं मी सांगू शकत नाही.

आशाबाई : अन् दात काढाचे असन तं? त्याले चौकोन लागते?

दिव्यानी : नाही. काढायला कारण विचारत नाहीत… पण बाई, हे वाचणारे दात आहेत!

आशाबाई : काढ.

गुणवंतराव : येडी झाली का तू? समोरचे दात! सुक्रवारी माईकवर तूच बोलनार होती ना?

आशाबाई : बोलीन. बोबडं बोलीन. खोटं कार्ड हातात असन त्याईच्या, तं मंग मी काय बोलू?

दिव्यानी : मला असे दात नाही काढता येत, बाई. खरंच नाही.

आशाबाई : नको काढू. मी घरी दोरा बांधून काढीन. हलूनच तं राह्यले. पण ते कार्ड माह्यासमोर फाड.

दिव्यानी : … घ्या. फाडलं. बधिर करायची सुई देऊन मीच काढते.

गुणवंतराव : मॅडम… दोनदा द्या सुई. हिले दुखलं तरी सांगत नाई.